रेघेआतली केळ

मुलगी वैजू माहेरी आली, तरी द्वारकाबाईंनी तिला फाटकाबाहेरच खुर्ची दिली. फाटकातल्या पिवळ्या रेघेच्या आत बाहेरचं पाऊल पडता कामा नये, असा सरकारचा सक्त नियम होता. मर रोगानं राज्यातल्या सगळ्या केळी संपल्या होत्या. निरोगी उरली होती ती एवढी एकच केळ, द्वारकाबाईंच्या परसात मोरीच्या पाण्यावर पोसलेली. आणि रोग यायचा तो पायाच्या मातीतून.

वैजूचं लेकरू नुकतंच चालायला लागलं होतं. मायलेकी बोलण्यात गुंतल्या असताना ते धुळीच्या पायांनी रेघ ओलांडून थेट आजीपाशी आलं. फाटकावरचा दिवा लाल झाला. परस बाटलं होतं. आता सरकारी माणसं येणार आणि केळ जाळणार.

द्वारकाबाईंनी नातवाला उचलून छातीशी धरलं. लोंबणाऱ्या घडाकडे एकदा पाहिलं.

"वैजू, ये गं आत," त्या म्हणाल्या. "आता जपायचं काय राहिलंय?"

वैजू उठली, रेघेपाशी आली आणि तिथंच थबकली.

"बाबा आत शेवटचे श्वास घेत होते, तेव्हा मी इथंच उभी होते, माय," ती म्हणाली. "तेव्हा एकदा म्हणायचं होतंस."