मुठीतले तांदूळ

“कहाणी आधी माणसाला सांगावी, कुमुद. ऐकणाऱ्याच्या मुठीत तांदूळ द्यावेत, म्हणजे मन भरकटत नाही.”

सोमवारची पूजा आवरताना कुमुदिनीला आत्याचं हे सांगणं आठवलं. तेवढ्यात टेबलावरच्या साचेकाराने, गोष्टी ठरावीक साच्यांत बसवून देणाऱ्या बोलक्या यंत्राने, तिची पहिली कादंबरी वाचून संपवली.

“काकू, शोधयात्रेच्या साच्यात छान बसतेय,” तो म्हणाला. “फक्त नायिका शेवटी घरी यायला हवी. मी आणलीये.”

“कुणाला विचारून रे?”

“गोष्टींचे सातही साचे पाहिले. घर सोडून परत न येणारी बाई कशातच बसत नाही. आणि साच्याच्या शिक्क्याशिवाय हल्ली कुणी छापत नाही.”

कुमुदिनीने नवा शेवट वाचला. उंबरठ्यावर घरचे नायिकेला ओवाळत होते. लिहिलं होतं इतकं सुरेख की तिचेही डोळे भरले.

पण ती नायिका म्हणजे तिची मैत्रीण वेणू होती. सासर सोडून देवरुखला एकटी राहणारी, हातमाग चालवणारी. वेणू म्हणाली होती, “लिही खुशाल. पण मला परत धाडू नकोस, आणि छापण्याआधी मला वाचून दाखव.” कुमुदिनीने देवासमोर हो म्हटलं होतं.

तिने आपला जुना शेवट पुन्हा जागेवर ठेवला.

“काकू, छापून येणार नाही हं.”

“नाही तर नाही, बाळा. ऐकली तर जाईल.”

कादंबरीची पानं तिने पिशवीत घातली, पूजेतले मूठभर तांदूळ पदराच्या टोकाला बांधले, देवाला नमस्कार केला आणि देवरुखची बस धरायला निघाली.