बॉनेटवरचं कुंकू

गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून कुमुदताईंनी डोळे मिटले, आणि आजूबाजूच्या गप्पा एकदम थांबल्या.

जर्मनीतलं गरम झऱ्यांचं ते जुनं गाव. लेकाने हौसेने घेतलेली जुनी गाडी कार क्लबच्या मेळाव्यात आज पहिल्यांदाच उभी होती. एवढ्या लोकांत तिला दृष्ट लागू नये, इतकंच ताईंच्या मनात होतं.

निनाद हातातली कॉफी टाकून धावत आला आणि शर्टाच्या बाहीनेच बॉनेट घासू लागला. "आई, काय केलंस हे! इथे हे नाझींचं चिन्ह समजतात. पोलीस येतील!"

ताईंनी कुंकवाची डबी पटकन पदराआड केली. त्यांना तर सरकत्या जिन्याचीही धडकी भरायची.

समोरच्या बाकावर झऱ्याचं पाणी पीत बसलेले नव्वदीचे आजोबा त्यांच्याकडेच बघत होते. माफी मागावी म्हणून ताई हात जोडून पुढे झाल्या. बोट अजून लालच होतं.

आजोबांनी हातातला पेला बाकावर ठेवला. अंग चोरून ते मागे सरकले.

जन्मभर सगळ्यांना घाबरत आलेल्या कुमुदताईंना आज पहिल्यांदाच कुणीतरी घाबरलं होतं.