राणी बोटीत अडकली

हिरामणनं लग्नाच्या वाढदिवशी कमळला दिघीच्या खाडीकाठी नाटक बघत जेवायच्या हॉटेलात नेलं. सुरमई ताटात आली, पण पडदा उघडेना. मालक हात जोडून म्हणाला, “राणीचं काम करणाऱ्या बाई फेरीबोटीत अडकल्यात.” खिडकीतून खाडीत थांबलेली बोट दिसतच होती. कमळच्या माहेरी गणपतीत हेच नाटक व्हायचं, राणी तीच असायची. लग्नानंतर सासूनं ते बंद केलं. ती अर्धवट उठून थबकली. “आईंना कळलं तर?” “मी हाय ना, तू जा!” हिरामण म्हणाला. तिनं हात धुतले, पदर खोचला आणि रंगमंचावर अशी गरजली की प्रधानच दचकला. हिरामणचा घास हातातच राहिला. बोट लागताच खरी राणी धावत आली. हिरामणनं तिला कमळच्या खुर्चीत बसवलं, ताट पुढं सरकवलं, म्हणाला, “जेवा बाई निवांत. आज राज्य आमच्या हिचं हाय.”