चारी बाजूंनी

धन्यांची लघवी तुंबून तीन दिवस झाले. आमच्या ओकूच्या डोंगरात त्यावर एकच औषध, रानातल्या सालीच्या झाडाचा काढा. केमिंगला, माझ्या लेकाला, साल आणायला पिटाळलं. तो रिकामी टोपली घेऊन परतला.

"पाच झाडं आपली, आणि मूठभर साल मिळेना तुला?"

"पाचही वाळली, आई."

"कुणा मेल्याची दृष्ट लागली?"

केमिंग छपराच्या नव्या पत्र्यांकडे बघत म्हणाला, "ट्रकवाल्याला साल विकताना बाबा सांगत होते, दोनच बाजू सोल, उरलेल्या दोन झाडाला जगायला राहू देत. तू म्हणालीस, भित्र्यांच्या घरावर गवतच राहतं."

आतून धन्यांनी विचारलं, "साल आली का गं?"

"चुलीवर चढवलीय," मी म्हणाले, आणि नुसतं पाणी उकळत ठेवलं.