पश्चिम किनाऱ्यावरचं लग्नगीत

संगीताला भाषा नसते, असं बाळकुमच्या हर्षितचं ठाम मत होतं. त्यामुळे तो शब्दांकडे लक्षच देत नसे. अठराव्या मजल्यावर हेडफोन लावून तो रोज कुठल्यातरी देशाचं एक नवं गाणं नेटवर फुकटात शोधून काढायचा. परवा त्याला ‘पश्चिम किनाऱ्यावरचं लग्नगीत’ सापडलं. कुणा संशोधक बाईंनी इंग्रजी नाव देऊन ते टाकलं होतं. एका म्हातारीचा आवाज, आणि मध्येच गाणं तोडून सुरू होणारा धडधडाट. ही जागा हर्षितला फारच धाडसी वाटली.

“आफ्रिकेचा पश्चिम किनारा असणार,” म्हणत त्याने हेडफोन बायकोच्या कानाला लावला. “उरलेलं गाणं कुठेच मिळत नाहीये गं. जीव अडकलाय त्यात.”

भावनाने जरा वेळ ऐकलं. “अरे, आपलं लग्न आहे हे. सखुबाई लग्नाचे धवले म्हणतेय. डीजे खोळंबलाय म्हणून तूच तिला मध्ये उठवलेलंस.”

हर्षित चपला अडकवून थेट मागच्या आळीत सखुबाईकडे गेला. “आजी, माझ्या लग्नात अर्धं राहिलेलं ते गाणं पुरं म्हण ना.”

“तुज्या लग्नानंतर कोनी बोलावलाच नाय रं. मी सगला इसरले,” सखुबाई म्हणाली. “तुमच्या त्या मोबाइलमदी बग, असंल.”

मोबाइलमध्ये धडधडाटापर्यंतची दोन मिनिटं चाळीस सेकंद आहेत.