अंगठा चालेल

'मायदेशाची ओढ ही मानवजातीची सर्वांत पवित्र भावना असून शासन तिच्या पाठीशी पर्वतासारखे उभे आहे,' असं भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. त्याखाली एक कागद चिकटवला होता : 'पेन स्वतःचे आणावे.'

गवंड्याने पेन आणलं होतं. सकाळी सातपासून तो रांगेत होता. त्याचा नंबर आला तेव्हा खिडकी बंद व्हायला पंचवीस मिनिटं उरली होती.

"स्वखुशीने परत जाणाऱ्या निराधारांसाठीच आहे हे," खिडकीतल्या बाई मान वर न करता म्हणाल्या. "विमानाचं तिकीट सरकार देतं. तुम्ही निराधार दिसत नाही."

"मी नाही, मॅडम. माझ्या खोलीतला सोबती. लांब्या म्हणतो आम्ही त्याला. त्याला येता येत नाही."

"आजारी?"

"होता."

"ओळखीच्याने अर्ज आणला तर चालतो. पण आज यादी जाते. पुढची महिन्याने."

"महिना नाही चालायचा, मॅडम. आजच करा."

"प्रत्येकाचं आजच असतं," बाई म्हणाल्या आणि फॉर्म ओढला. एकतीस रकाने होते. काही विचारायचं राहून जाऊ नये म्हणून तीन समित्यांनी मिळून ते तयार केले होते.

"धंदा?"

"प्लास्टर करायचा. दिवाणखान्याची भिंत अशी करायचा, की मालक हात फिरवून बघायचे."

"एवढं रकान्यात मावत नाही. उत्पन्न?"

"काही नाही."

"औषधं चालू आहेत?"

"डॉक्टरांनी सगळी बंद केली."

"छान." बाईंनी बरोबरची खूण केली. "राहतो कुठे?"

"सध्या सरकारी जागेत. आणखी तिघं आहेत तिथे. कुणी कुणाशी बोलत नाही."

"आमच्या ऑफिससारखंच की," बाई म्हणाल्या. शेजारच्या टेबलावरचे साहेब खोकले.

"गार असतं फार. मी चादर दिलीय. पण उद्या जागा खाली करा म्हणालेत."

"आणि नाही केली तर?"

"तर सरकार त्याचं काय ते बघेल म्हणाले. इथेच."

बाईंनी पहिल्यांदा नीट वर बघितलं. सरकार काय बघतं हे त्यांना बावीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं.

"उंची?"

"सहा फूट दोन इंच. आमच्या खाटेवरून पाय बाहेर यायचे. तिथेही पावलं बाहेरच असतात."

"विमानात पाय आखडून बसावं लागेल म्हणावं. सामान?"

"एक पिशवी. आईला घेतलेलं लुगडं आहे त्यात. बाकी काही नाही."

"तिकडे घ्यायला कोण येईल?"

"आईच. रोज फोन करते माझ्याकडे. कधी येतोय म्हणून विचारते."

"मग काय सांगता?"

"फॉर्म भरायचाय म्हणतो." गवंड्याने पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. "नऊ दिवस झाले, तेच सांगतोय. ती म्हणते, मोठं ऑफिस असेल, वेळ लागणारच. मलाच धीर देते."

बाईंनी पान उलटलं. आता त्यांचा आवाज जरा खाली आला होता.

"इथे लिहून द्यावं लागतं, की पाच वर्षं परत येणार नाही. जरा नीट समजावून सांगा त्याला. सगळे हो म्हणतात आणि दोन वर्षांत पुन्हा खिडकीशी हजर."

"हा नाही येणार."

"एवढी खात्री?"

"हो, मॅडम."

"आणि जबरदस्ती कुणाची नाही ना? स्वतःच्या मर्जीने जायचंय ना त्याला?"

"सात वर्षं दुसरं काही बोललाच नाही. रविवारी आम्ही पत्ते खेळायचो, तर हातात चांगली पानं असली तरी म्हणायचा, आईला एकदा बघायचंय. जिंकायचं सोडून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी ड्रॉवरमधून सवलतीचा शिक्का काढला. तो वर्षातून एखाद्या वेळीच बाहेर यायचा. अर्जावर तो जोरात उठवला आणि यादीत सगळ्यात वर एक ओळ लिहिली.

"उद्या संध्याकाळचं विमान. बघा, झालं काम! आणि तुम्ही उगाच तोंड पाडून बसलात." त्या हसल्या. "आता फक्त त्याची सही, ती घेऊन फॉर्म उद्या सकाळी आणा. ती मात्र त्याचीच लागते. तुमची चालणार नाही."

"सही नाही जमायची."

"मग डाव्या हाताचा अंगठा. पण त्याचाच हवा."

गवंड्याने फॉर्मची घडी न करता तो शर्टाच्या आत, छातीशी सरकवला. जायला वळला आणि पुन्हा खिडकीशी आला.

"मॅडम, तुमचं ते शाईचं पॅड सकाळपर्यंत न्यायला देता का? पेन आहे माझ्याकडे, पण शवागारात शाई नसते."