आषाढ पाळला

काचेपलीकडच्या साहेबाने आमच्या लग्नाचा अल्बम मिटला आणि दुभाषी बाईंकरवी विचारलं, "लग्नानंतर नवरा महिन्याच्या वर भारतात होता. त्यातले किती दिवस तुम्ही एकत्र राहिलात?"

"आठवडाभर," मी म्हणाले. "मग आषाढ लागला. आमच्यात पहिल्या आषाढात सासूने सुनेचं तोंड पाहायचं नसतं. नव्या नवरीला महिनाभर माहेरी पाठवतात."

"आणि नवरा?"

"तो त्याच्या घरी. एकदा चोरून आला होता, पण फोटो कोण काढणार?"

आपल्याच बायकोला भेटायला चोरून का यायचं, हे साहेबाला पटेल असं सांगणं त्या बाईंनाही जमलं नाही. नवऱ्याकडे कायमचं राहायला जाण्याचा माझा अर्ज नामंजूर झाला. हे लग्न नुसतं परदेशात जाण्यापुरतं केलंय, असं साहेबाचं मत पडलं.

बाहेर फुटपाथवर सासूबाई पेढ्यांचा पुडा घेऊन उभ्या होत्या. "आई, मला रजाच तेवढी आहे," असं लेक काकुळतीने म्हणाला होता, तेव्हा यांनीच त्याला गप्प केलं होतं. "जन्मभर एकत्रच राहायचंय. एका महिन्याने काय होतंय?"

"काय म्हणाला गं साहेब?"

झालं ते मी सांगितलं. पदरचा एक शब्द घातला नाही.

त्यांनी पुडा पिशवीच्या तळाशी सारला. आषाढ अजून लांब होता. तरी घरी पोचेपर्यंत त्यांनी माझं तोंड पाहिलं नाही.